बांधलेले घर आणि नांदते घर

ऐरोलीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोझी फँटसी या प्रकारातील एका कथामालेचे पहिले पुस्तक त्यांनी वाशीला नोकरीसाठी जाता-येता लोकलमध्ये तीन आठवडे रेटले. ते वाईट नव्हते, पण जीव काही गुंतला नाही. पुस्तके जोडीने भेट मिळाली होती, म्हणून दुसरे केवळ घरात होते एवढ्याच कारणाने त्यांनी हातात घेतले आणि जुलैच्या पावसाने दोन दिवस घरी बसवले तेवढ्यात ते वाचून संपले; इतकेच नव्हे, तर संपल्यावर हुरहुर लागली. मैत्रिणी मात्र ठामपणे सांगतात की पहिल्या भागाची सर दुसऱ्याला कधीच येत नाही. तेव्हा असे का झाले, आपल्या वाचनातच काही उणे आहे का, आणि सोसायटीतील आठ जणींच्या वाचनगटाला ही कथामाला सुचवताना थेट दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. कुमारांसाठीच्या आणि अद्भुत प्रकारातील कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखिते संपादित करणे हा गेली बावीस वर्षे माझा व्यवसाय आहे, आणि महिन्यातून एका शनिवारी माझ्याच बैठकीच्या खोलीत एक वाचनगट भरतो, त्यालाही आता चौदा वर्षे झाली. दोन्ही कामांत दुसऱ्या भागाचा प्रश्न सारखा समोर येतो. तुमच्या मधल्या शंकेचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देऊन टाकते: तुमच्या वाचनात काहीही उणे नाही. रहस्यकथेत किंवा युद्धांच्या महागाथेत दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक आवडणे हा अपवाद मानता येईल, परंतु या प्रकारात ते मला अगदी स्वाभाविक वाटते, आणि त्याचे कारण या प्रकाराच्या घडणीतच आहे.

‘कोझी’ या शब्दासाठी काही जण ‘ऊबदार’ असे म्हणतात, पण मे महिन्यातील ठाण्यात ऊब हे सुखाचे लक्षण नव्हे, म्हणून मी आपली ‘निवांत अद्भुतिका’ म्हणते. यात जादू असते, राक्षस, चेटकिणी आणि बोलणारी झाडे असतात, परंतु जग बुडण्याची टांगती तलवार नसते. पणाला लागलेले असते ते एखादे दुकान, एखादी बाग, एखादे अनाथालय किंवा दोन माणसांमधले नुकते जुळू लागलेले सूत. ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या ‘लेजेंड्स अँड लाटेज’ या 2022 च्या कादंबरीने हे नाव अनेक वाचकांच्या तोंडी बसवले, आणि ‘अद्भुत मोठे, पण पणाला थोडेच’ असा तिच्या उपशीर्षकाचाच आशय आहे. तलवार खाली ठेवून कॉफीचे दुकान काढणारी एक ऑर्क, म्हणजे धिप्पाड राक्षसी जमातीची, स्त्री ही तिची नायिका. ज्या शहरात ती दुकान थाटते त्याचे नाव थ्यून आहे, हे कळल्यावर आमच्या गटातील ठाणेकरांना झालेला आनंद साहित्यबाह्य होता, पण खरा होता.

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. निवांत अद्भुतिकेचे पहिले पुस्तक बहुधा ही दोन्ही कामे एकदम अंगावर घेते. परका माणूस नव्या गावात येतो, पडके घर किंवा बंद दुकान घेतो, ते सावरतो, त्यासाठी चार माणसे जमवतो, आणि त्या चौघांमध्ये सोयरीक जुळवण्याची जबाबदारीही लेखकावर असतेच. शिवाय ही अद्भुतिका आहे, म्हणून जादू कशाने चालते, कोणत्या जमातीचे कोणाशी वाकडे आहे, नाणे कोणते आणि ऋतू किती, हेही सांगावे लागते. वाचकाला मात्र या प्रकाराकडून जे हवे असते ते यातले काहीच नसते. त्याला हवे असते ते ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसांत जाऊन बसणे. मराठीत या पुढच्या अवस्थेला फार नेमका शब्द आहे: नांदणे. नांदायला आधी घर लागते, आणि ते बांधण्यातच पहिले पुस्तक खर्ची पडते. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या संकुलात राहायला गेलेल्या कोणालाही विचारा. पहिले वर्ष सुतार, ग्रिलवाला, डासांच्या जाळ्या, पाण्याचे टँकर आणि सोसायटीच्या सभा यांत जाते; कढीपत्ता हक्काने कोणाकडे मागायचा हे कळायला दुसरे वर्ष उजाडावे लागते.

हे मी नुसते उपमेवर सोडत नाही. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतील एका तरुण लेखिकेचे दोन भागांचे हस्तलिखित माझ्याकडे होते. ते अद्याप प्रकाशित झालेले नाही. तिच्या परवानगीने एवढेच सांगते की, त्यात एक जखीण खाडीकाठच्या गावात जुने कौलारू घर घेऊन खानावळ काढते. त्या घरातील चूल जिवंत आहे. ओले सरपण दिले तर ती फुरंगटून बसते, पावसाळ्यात तिला कोणीतरी गोष्ट सांगावी लागते, आणि गोड पदार्थाला ती मुळीच आच देत नाही, कारण पूर्वीच्या मालकिणीने भर पंगतीत करपलेल्या पुरणाचे खापर तिच्यावर फोडले होते. हे सारे सांगायला लेखिकेला पहिल्या भागात दोन पाने लागली होती. मी त्यातले निम्मे काढायला लावले, तिने ते काढलेही, तरी एक पान उरलेच, कारण ती माहिती पुढे लागणार होती. ते पान चांगले लिहिलेले होते, पण वाचताना आपल्याला काहीतरी समजावून सांगितले जात आहे ही जाणीव सुटत नव्हती.

दुसऱ्या भागाच्या तिसऱ्याच पानावर एक वाक्य येते: ‘होळीच्या सकाळी चुलीने तोंड फिरवले.’ शब्द पाचच. परंतु पहिला भाग वाचलेल्याला त्या पाच शब्दांत चुलीचा सगळा इतिहास ऐकू येतो. होळी म्हणजे पुरणपोळी, पुरण म्हणजे जुनी जखम, आणि दुपारी चाळीस पाने मांडायची आहेत. वाचक हसतो, आणि त्याच वेळी त्याच्या पोटात गोळा येतो. आम्ही हे दोन्ही भाग गटात वाचून दाखवले तेव्हा पहिल्या भागातील चुलीच्या पानावर आमचे एक सभासद, निवृत्त बँक अधिकारी, शांतपणे चष्मा पुसत बसले होते. या वाक्यावर सर्वांच्या आधी ‘अरे देवा’ म्हणाले ते तेच. नंतर चहाच्या वेळी त्यांनी आपल्या भाषेत हिशेब मांडला, की मुद्दल पहिल्या भागात अडकवले होते, व्याज आत्ता हातात आले. मला त्यात एवढीच दुरुस्ती करावीशी वाटते, की या प्रकारात वाचक मुळात आलेला असतो तो व्याजासाठीच.

संपादन करताना मी समासात शिसपेन्सिलीने दोन खुणा करते. जिथे वाचकाला काही सांगितले जात आहे तिथे ‘सां’, आणि जिथे पात्रे त्या जगात नुसती वावरत आहेत, त्यांना त्या क्षणी वाचकाला काही पटवायचे नाही, तिथे ‘नां’. त्या हस्तलिखिताच्या पहिल्या भागातील सुरुवातीच्या अकरा प्रकरणांत ‘नां’ ही खूण चार ठिकाणी होती. दुसऱ्या भागात ती पहिल्याच प्रकरणात सहा वेळा आली. लेखिका तीच, जग तेच, भाषेचा पोतही तोच. फरक पडला तो एवढ्याने, की आता तिच्यावर सांगण्याचे ओझे उरले नव्हते. तुम्ही तुमच्या दोन पुस्तकांवर हा प्रयोग करून पाहिलात, तर बहुधा असेच काहीतरी आढळेल.

याहून महत्त्वाचे दुसरे कारण आहे, आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कोणत्याही कादंबरीत वाचकाला पुढे ओढणारा एक प्रश्न असतो. निवांत अद्भुतिकेच्या पहिल्या भागातील प्रश्न असतो, ‘हे घर उभे राहील का? हे दुकान चालेल का?’ त्याचे उत्तर वाचकाला मुखपृष्ठ पाहूनच ठाऊक असते. उभे राहणार, चालणार. तसे झाले नाही तर ते पुस्तक या प्रकारातले राहणारच नाही. म्हणजे बांधकामाच्या काळातील अडचणी, मग ती खंडणी मागणारी टोळी असो की जळालेले छप्पर, कितीही रंगवून सांगितल्या तरी त्यांचा दात पडलेला असतो. दुसऱ्या भागात मात्र प्रश्न बदलतो. आता विचारले जाते, की हे टिकणार कसे आणि कोणाच्या जिवावर? खानावळ रोज चालवायची म्हणजे पहाटे चारला कोण उठणार? भागीदाराला दुसरी शाखा काढायची आहे आणि आपल्याला नाही, तर मैत्रीचे काय? वर्षभर उधारीवर जेवणारा म्हातारा एक दिवस यायचा थांबला, तर त्याच्या घरी जाऊन पाहायचे, की त्याचा अभिमान सांभाळायचा? या प्रश्नांची उत्तरे या प्रकाराने वाचकाला आधी दिलेली नाहीत. शेवट कडू होणार नाही एवढीच हमी असते, पण गोड म्हणजे नेमके काय, हे लेखकाला ठरवावे लागते. त्यामुळे पणाला कमी लागलेले असूनही दुसऱ्या भागात उत्कंठा अधिक खरी असते. जिवावरच्या संकटापेक्षा म्हाताऱ्याची रिकामी जागा अधिक बोचते, हे मी गटात वारंवार पाहिले आहे.

चांगले लेखक ही संधी ओळखून दुसऱ्या भागात कथेचा बिंदूच हलवतात. टी. जे. क्लून यांची ‘द हाउस इन द सेरुलियन सी’ ही 2020 ची कादंबरी लायनस बेकर या सरकारी तपासनिसाच्या नजरेतून सांगितलेली आहे. जादुई मुलांच्या अनाथालयाची पाहणी करायला तो येतो, म्हणजे तो पाहुणा आहे, आणि त्याच्याबरोबर वाचकही पाहुणाच असतो. 2024 मधील ‘समव्हेअर बियाँड द सी’ या पुढच्या भागात दृष्टिकोन आर्थर पर्नासस याचा, म्हणजे ते अनाथालय चालवणाऱ्याचा आहे. घर तेच, मुले तीच, पण आता आपण उंबऱ्याच्या आतून बाहेर पाहतो. पहिल्या भागात सरकारी खाते हे नायकाचे स्वतःचे कार्यालय होते. दुसऱ्यात ते घरावर चालून येणारी सत्ता होते. ज्यांना पहिल्याचे कुतूहल प्रिय होते त्यांना दुसरा भाग जड वाटतो, आणि ज्यांना त्या घराची काळजी लागून राहिली होती त्यांना तोच अधिक जवळचा वाटतो. दोघांचेही वाचन बरोबर आहे.

बेकी चेंबर्स यांच्या दोन छोट्या कादंबऱ्यांत हेच वेगळ्या वाटेने घडते. त्या काटेकोरपणे पाहिल्यास विज्ञानकथा आहेत, परंतु निवांतपणाच्या बाबतीत याच कुळातल्या. ‘अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट’ या 2021 च्या पुस्तकात गावोगाव फिरून लोकांना चहा पाजणारी आणि त्यांची दुःखे ऐकणारी एक व्रतस्थ व्यक्ती आणि रानातून आलेला एक यंत्रमानव यांची भेट होते, पण त्या भेटीपर्यंत पोहोचायला पुस्तकाचा बराच भाग जातो. 2022 च्या ‘अ प्रेयर फॉर द क्राउन-शाय’ मध्ये ती दोघे पहिल्या पानापासून बरोबर आहेत आणि आता माणसांच्या वस्त्यांतून हिंडत आहेत. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार पहिल्याला मिळाला, आणि तो योग्यच होता, कारण नवी कल्पना उभी करणे हे अवघड काम आहे. पण आमच्या गटात कोणते पुस्तक पुन्हा वाचाल असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी दुसऱ्याचे नाव घेतले. मान द्यायचे पुस्तक आणि उशाशी ठेवायचे पुस्तक ही नेहमी एकच असतात असे नाही.

आता तुमच्या अनुभवातील एक गोष्ट मी बाजूला काढून ठेवते, कारण तिचा पुस्तकांशी संबंध नाही. पहिले पुस्तक तुम्ही लोकलमध्ये वाचलेत. ऐरोली ते वाशी हा प्रवास कितीसा? बसायला जागा मिळून पुस्तक उघडेपर्यंत रबाळे येते, आणि तुर्भे गेल्यावर मन उतरण्याच्या तयारीला लागते. अशा दहा-बारा पानांच्या तुकड्यांत सर्वाधिक हाल होतात ते बांधकामाच्या पानांचेच, कारण तिथे नावे, नाती आणि नियम डोक्यात धरून ठेवावे लागतात, आणि आदल्या दिवशी धरलेले दुसऱ्या दिवशी निसटलेले असते. नांदण्याची पाने तुकड्यांतही चालतात. तुम्ही नेमके उलटे केलेत: जे सलग वाचायला हवे होते ते तुकड्यांत वाचले आणि जे तुकड्यांत चालले असते ते पावसाने सलग वाचायला लावले. दोन्ही भाग पावसातच वाचले असते तर अंतर थोडे कमी झाले असते, असा माझा अंदाज आहे. नाहीसे झाले असते असे मात्र वाटत नाही.

ओळखीचे सुख ही काही हलकी गोष्ट नव्हे, हेही इथेच सांगते, कारण सुशिक्षित वाचकांना त्याची उगाच लाज वाटते. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आल्यानेच ती अधिक आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातील लेव्हिट आणि क्रिस्टेनफेल्ड या दोघा संशोधकांना असे आढळले, की लघुकथेचा शेवट आधीच सांगितला तरी वाचकांना ती कमी नव्हे, उलट थोडी अधिकच आवडते. आपल्यापैकी जे ‘चांदोबा’ वाचून वाढले त्यांना यासाठी प्रयोगाची गरज नाही. विक्रमाने प्रेत खांद्यावर घेऊन निघायचे, वेताळाने गोष्ट सांगायची आणि शेवटी पुन्हा झाडाला जाऊन लटकायचे, हे ठाऊक असूनही, किंवा ठाऊक होते म्हणूनच, आपण तो अंक उघडत असू.

मैत्रिणी पुस्तकांना मिळालेले तारे दाखवून वाद घालत असतील, तर त्याबाबत सावध राहा, मग ते तारे कोणाच्याही बाजूचे असोत. पहिला भाग न आवडलेली माणसे बहुधा दुसऱ्याकडे फिरकतच नाहीत. दुसऱ्याला गुण देणारे हे आधीच चाळणीतून आलेले असतात, आणि त्यामुळे त्याची सरासरी फुगू शकते. त्या दृष्टीने तुमचे मत मला अधिक मोलाचे वाटते. तुम्हाला पहिला भाग फारसा भावला नव्हता, तरी केवळ घरात होता म्हणून तुम्ही दुसरा वाचलात. चाळणीतून न आलेला असा वाचक संपादकाला क्वचितच भेटतो.

याचा अर्थ या प्रकारातील प्रत्येक दुसरा भाग सरस असतो असा घेऊ नये. माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या भागांपैकी बरेच फसलेले असतात, आणि बहुतेक एकाच भीतीपोटी फसलेले असतात: दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा हवा ही ती भीती. मग खानावळीच्या गावावर अचानक सैन्य चालून येते, जखिणीला पूर्वजन्मीचे शाप निघतात, आणि ज्या चुलीची रुसवी-फुगवी पाहायला आपण आलो ती तिसऱ्या प्रकरणानंतर थंडच पडते. लेखकाला हे समजावणे अवघड जाते, कारण धोका वाढवणे हे त्याला कुठल्याही लेखन कार्यशाळेत पहिल्याच दिवशी शिकवलेले असते. मी त्याला सांगते, की सैन्य आणायचेच असेल तर आण, पण ते जेवायला आण. दोनशे पाने मांडायची आहेत आणि चूल रुसलेली आहे, यापेक्षा मोठे युद्ध तुझ्या वाचकाला नको आहे. दुसऱ्या प्रकारचा दोष म्हणजे हजेरीपट. पहिल्या भागातील प्रत्येक पात्र एकेका प्रकरणात येते, आपले लाडके वाक्य म्हणते, काहीतरी खाते आणि जाते. स्नेहसंमेलनात असे चालते. कादंबरीत वीस पानांनंतर कंटाळा येतो. आणि केकची वर्णने! ती मोजण्याचे मी आता सोडून दिले आहे.

राहिला तिसरा प्रश्न, थेट दुसऱ्यापासून सुरुवात करण्याचा. आपण मराठी वाचक याबाबतीत जात्याच धीट आहोत, कारण ग्रंथालयात जो भाग शिल्लक असेल तो घरी न्यायचा, अशीच आपली सवय झाली. 1893 साली स्थापन झालेल्या आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापासून गल्लीतल्या फिरत्या वाचनालयापर्यंत सगळीकडे मालिकेतला हवा तो भाग नेमका दुसऱ्याने नेलेला असायचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी कोणत्या क्रमाने वाचला हे आज सांगता येणार नाही, आणि त्याने काही बिघडलेही नाही, कारण फुरसुंगीचा बनेश प्रत्येक पुस्तकात नव्याने सायकलवर बसतो. परंतु त्या साहसकथा आहेत. त्यांत प्रत्येक वेळी संकट नवे असते आणि तेच कथेला ओढते. निवांत अद्भुतिकेत ओढ असते ती साठलेल्या ओळखीची.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. मी स्वतः एकदा हा घोळ घातला आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी एका कथामालेच्या दुसऱ्या भागाच्या प्रती सवलतीत सहज मिळाल्या आणि पहिल्याची एकच प्रत हाती आली. मी मोठ्या आत्मविश्वासाने गटाला दहा मिनिटांत ‘आतापर्यंतचे कथानक’ सांगितले आणि दुसऱ्या भागापासून सुरुवात केली. पुढच्या महिन्यात निम्म्या गटाचे मत पडले, की पुस्तक गोड आहे, पण पोकळ आहे. एक भगिनी म्हणाल्या, ‘लग्न होऊन चार दिवसांनी पोहोचलेल्या पाहुण्यासारखे झाले हो. सगळे हसताहेत, पण कशावर ते कोणी सांगत नाही.’ माझ्या सारांशात घटना सगळ्या होत्या. नव्हता तो त्या घटनांमध्ये घालवलेला वेळ, आणि तो दहा मिनिटांत देता येत नाही.

मात्र ‘दुसरे’ म्हणजे काय, हे आधी तपासून घ्या. प्रकाशनाच्या क्रमाने दुसरे असलेले पुस्तक कथेच्या क्रमाने पहिले असू शकते. बाल्ड्री यांचे ‘बुकशॉप्स अँड बोनडस्ट’ हे 2023 चे पुस्तक त्याचे सरळ उदाहरण आहे. ते कॉफीच्या दुकानानंतरचे नसून त्याच नायिकेच्या तरुणपणीचे आहे. जखमी होऊन समुद्रकाठच्या गावी पडून राहावे लागलेली ती तिथल्या पुस्तकांच्या दुकानात रमते. ते कोणीही आधी वाचावे, काही अडत नाही. सारा बेथ डर्स्ट यांच्या 2024 च्या ‘द स्पेलशॉप’ नंतर 2025 मध्ये आलेल्या ‘द एन्चँटेड ग्रीनहाउस’ मध्ये जग तेच असले तरी नायिका दुसरी आहे. तिथेही क्रमाचा हट्ट मी धरणार नाही. पात्रे तीच, घर तेच आणि काळ पुढचा, अशी तुमच्या कथामालेची मांडणी असेल, तर मात्र पहिला भाग टाळू नका.

क्रमाचे हे बंधन लेखकांनाही सुटलेले नाही. टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ च्या 1937 च्या मूळ आवृत्तीत गुहेत राहणारा गॉलम नावाचा प्राणी कोड्यांच्या पैजेत अंगठी आपण होऊन बक्षीस म्हणून लावतो. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना ती अंगठी कोणालाही सुखासुखी सोडवणार नाही अशी झाली, तेव्हा टोल्किननी 1951 च्या आवृत्तीत पहिल्या पुस्तकातील ते प्रकरणच बदलून घेतले. दुसऱ्या पुस्तकाने पहिल्याचे रूप बदलणे वाचकाच्या मनात नेहमीच घडत असते. इथे ते छापील पानावर घडले.

तुमच्या आठ जणींसाठी माझी सूचना अशी आहे. पहिल्या भागाला दोन बैठकी द्या, अधिक नको. सुरुवातीची तीन-चार प्रकरणे प्रत्येकीने घरी, शक्यतो एकाच बसणीत वाचावीत, आणि कोण कोणाचे कोण याचा कागद करून सर्वांना वाटावा. आमच्या गटात तो कागद पुस्तकात खूण म्हणूनच ठेवतात. मधले बांधकाम भरभर वाचले तरी चालेल, कोणाचा अपमान होत नाही. पण घराचे किंवा दुकानाचे दार प्रथमच उघडते ते प्रकरण मात्र बैठकीत मोठ्याने वाचा, कारण दुसऱ्या भागातील निम्म्या गमती त्याच्यावर उभ्या असतात. दोन भागांमध्ये फार दिवस जाऊ देऊ नका. महिन्याच्या आत दुसरा भाग सुरू झाला नाही तर ओळख पुसट होते आणि पुन्हा परक्यासारखे दार वाजवावे लागते. दुसऱ्या भागाच्या बैठकीत ‘तुम्हाला काय आवडले’ असे विचारण्याऐवजी प्रत्येकीला ती जिथे न सांगता हसली किंवा थबकली ते पान दाखवायला सांगा. पानाच्या कडेला त्या गमतीचे मूळ पहिल्या भागात कुठे आहे ते शोधून लिहा. आम्ही हे केले तेव्हा एका संध्याकाळी अशा सतरा जोड्या निघाल्या, आणि पहिल्या भागाला सर्वांत कमी गुण देणाऱ्या काकांनीच त्यांतल्या पाच शोधल्या.

त्या बैठकीच्या आधी तुम्ही स्वतः पहिल्या भागाची पहिली दोन प्रकरणे पुन्हा एकदा वाचा. या वेळी ती लोकलमध्ये वाचली तरी चालतील, कारण त्यातली नावे आता तुमच्या ओळखीची आहेत.